अमेरिकेत मुलांच्या ताब्याचा वाद : कायदेशीर मदत कशी मिळवावी



गणपती, कोजागिरी आणि दिवाळी अंकाच्या बातम्यांमध्ये हा विषय थोडा खटकेल याची कल्पना आहे. पण संसार मोडण्याची वेळ आपल्या ओळखीच्या घरांवरही येते, आणि तेव्हा नेमके काय करायचे हे कोणालाच माहीत नसते. पहिला सल्ला मिळतो तो मित्रमंडळींकडून, दुसरा पुण्याच्या किंवा नागपूरच्या काकांकडून. वकिलाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. हा क्रम उलटा असायला हवा, म्हणून हा लेख.

मी वकील नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. खाली दिलेली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. कौटुंबिक कायदा अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळा आहे, तेव्हा आपल्या बाबतीतला निर्णय आपल्या राज्यातल्या वकिलाशी बोलूनच घ्यावा.

सगळ्या लेखाचे सार असे: मूल कोणाकडे राहणार हे ठरण्याआधी, ते कोणते कोर्ट ठरवणार हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत आई-वडील जे करतात त्यावरून ठरते. म्हणून भारताचे तिकीट काढण्याआधी, घर सोडण्याआधी आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला भेटा.

१. ताबा म्हणजे नक्की काय?

कोर्ट 'कस्टडी'चे दोन भाग करते. लीगल कस्टडी म्हणजे शाळा, डॉक्टर, धर्म अशा मोठ्या बाबतीत निर्णय घेण्याचा अधिकार. फिजिकल कस्टडी म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाकडे राहणार. हे दोन्ही अधिकार एकाकडे असू शकतात किंवा दोघांत वाटलेले असू शकतात. निर्णय अधिकार दोघांचा, शाळेचे दिवस एकाकडे आणि शनिवार-रविवार दुसऱ्याकडे, अशी वाटणी नेहमी दिसते.

शब्दही सगळीकडे सारखे नाहीत. टेक्सासमध्ये 'कॉन्झर्व्हेटरशिप' म्हणतात. इलिनॉयने २०१६ पासून कायद्यातून 'कस्टडी' शब्द काढून 'पालकत्वाच्या जबाबदाऱ्यांचे वाटप' अशी भाषा आणली. फ्लोरिडात 'टाइम-शेअरिंग' म्हणतात. शब्द कोणताही असो, कसोटी एकच: मुलाचे हित कशात आहे? आई म्हणून किंवा वडील म्हणून कोणाचे पारडे आपोआप जड होत नाही. मुलाला रोज शाळेत कोण सोडते, डॉक्टरकडे कोण नेते, दुसऱ्या पालकाशी मुलाचे नाते कोण टिकू देते, हे कोर्ट बघते.

चाइल्ड सपोर्टचा हिशोब वेगळा असतो. पैसे आले नाहीत म्हणून मुलाची भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. दोन्हींसाठी कोर्टातच जावे लागते.

२. कोणते कोर्ट? सहा महिन्यांचा नियम

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मूल नेऊन सोयीचे कोर्ट गाठण्याचा प्रकार थांबावा म्हणून १९९७ साली एक नमुना कायदा तयार झाला. जवळजवळ सर्व राज्यांनी तो स्वीकारला आहे. वकील त्याला 'यूसीसीजेईए' म्हणतात. त्याचा मुख्य नियम साधा आहे: अर्ज करण्याच्या लगेच आधी मूल सलग सहा महिने पालकाबरोबर ज्या राज्यात राहिले, ते त्याचे 'होम स्टेट', आणि ताब्याचा निर्णय तिथले कोर्ट घेते. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी जन्मापासूनचे राज्य धरतात.

आपल्या घरांशी थेट संबंध असलेले चार मुद्दे:

- मूल दुसरीकडे नेले तरी मूळ राज्याचा अधिकार लगेच संपत नाही. एक पालक तिथेच राहात असेल, तर मूल गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो तिथे अर्ज करू शकतो. ही मुदत हातची घालवू नये.
- उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने आजोळी जाऊन येणे ही तात्पुरती गैरहजेरी धरली जाते. तेवढ्याने होम स्टेट बदलत नाही.
- या कायद्यात परदेशाला दुसऱ्या राज्यासारखेच धरतात. त्यामुळे मूल खरोखर भारतात स्थायिक झाले असेल, तर भारत हेच त्याचे 'होम स्टेट' ठरू शकते. दोघांच्या नोकऱ्यांमुळे बाळाला वर्षभर आजी-आजोबांकडे नाशिकला किंवा सांगलीला ठेवले असेल, तर ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. त्यावर वाद होऊ शकतो.
- एकदा एका राज्याने आदेश दिला की एक पालक किंवा मूल तिथे राहात असेपर्यंत तो बदलण्याचा अधिकार साधारणपणे त्याच राज्याकडे राहतो. नोकरी बदलून न्यू जर्सीहून टेक्सासला गेलात म्हणून नवा डाव मांडता येत नाही.

म्हणून वकीलही मुलाच्या राज्यातला, शक्यतो त्याच काऊंटीच्या कोर्टात नेहमी जाणारा असावा.

३. 'मुलाला घेऊन भारतात जाते/जातो, पुढचे पुढे बघू'

हा विचार भांडणानंतर बहुतेकांच्या मनात येतो. माहेरचे किंवा घरचे लोकही प्रेमापोटी हाच सल्ला देतात. त्याचे परिणाम आधी समजून घ्या.

परदेशात नेलेली मुले परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. अमेरिकेत तो १ जुलै १९८८ पासून लागू आहे. भारत त्यात सामील नाही. भारताच्या विधी आयोगाने २००९ साली सामील होण्याची शिफारस केली होती, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही आला, पण पुढे काही झाले नाही. त्यामुळे मूल भारतात गेले की अमेरिकेतल्या पालकाला मुंबई, दिल्ली किंवा बंगळूरच्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करावा लागतो, आणि प्रकरण अनेकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते.

तिथे काय होते? निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. २००० साली टेक्सासमधून आणलेल्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुले आईकडेच भारतात राहू दिली. २००९ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाचा आदेश असलेल्या मुलाला अमेरिकेला परत न्यायला सांगितले. २०१७ साली इंग्लंडहून आणलेल्या मुलीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितले की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा आहे, पण मुलाचे हित सर्वात वर. ती मुलगी आईकडे राहिली. त्यानंतर २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियातली दोन मुले आणि २०२० मध्ये व्हर्जिनियातली एक लहान मुलगी परत पाठवण्याचे आदेश झाले. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मुलाच्या बाबतीतही तसेच झाले.

म्हणजे 'भारतात गेले की कोणी काही करू शकत नाही' हे खरे नाही, आणि 'अमेरिकेची ऑर्डर दाखवली की मूल लगेच परत' हेही खरे नाही. मधली वर्षे मात्र मुलाची जातात. ते नव्या शाळेत रुळते, एका पालकाचा चेहरा फक्त स्क्रीनवर बघते, आणि मग पुन्हा उपटून दुसरीकडे लावले जाते.

शिवाय अमेरिकेत १९९३ पासून हा केंद्रीय गुन्हा आहे. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्याच्या हेतूने सोळा वर्षांखालील मूल देशाबाहेर नेले किंवा बाहेरच ठेवून घेतले, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हिंसाचारापासून पळणे हा त्यात बचावाचा एक मुद्दा आहे, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. खरोखर भारतात परतायचे असेल, तर मुलासह स्थलांतराची परवानगी इथल्या कोर्टाकडे मागता येते. वेळ लागतो, पण पुढे परतीची दारे बंद होत नाहीत.

४. मूल नेले जाईल अशी भीती वाटत असेल तर

अमेरिकेतून बाहेर जाताना आपल्यासारखी इमिग्रेशनची खिडकी नसते. एकटा पालक मूल घेऊन विमानात बसू शकतो. म्हणून आधीच उपाय करावे लागतात.

- सोळा वर्षांखालील मुलाच्या अमेरिकन पासपोर्टसाठी साधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते. त्याशिवाय स्टेट डिपार्टमेंटच्या 'चिल्ड्रन्स पासपोर्ट इश्यूअन्स अलर्ट प्रोग्रॅम'मध्ये मुलाचे नाव नोंदवा. कोणी पासपोर्टसाठी अर्ज केला तर तुम्हाला कळवले जाते. आधीच दिलेला पासपोर्ट यामुळे रद्द होत नाही.
- मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर ही योजना लागू होत नाही. आपल्या विभागाच्या भारतीय वकिलातीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. ओसीआयच्या बाबतीतही तसेच करा.
- कोर्टाकडून स्पष्ट आदेश मागा: पासपोर्ट कोणाकडे राहणार, लेखी संमतीशिवाय राज्याबाहेर किंवा देशाबाहेर नेता येणार नाही, प्रवासाला परवानगी दिलीच तर परतीची तारीख, तिकिटाची प्रत आणि गरज वाटल्यास रोख जामीन. असा आदेश हातात असेल तर विमानतळावर थांबवण्यासाठी कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनची मदत मागता येते.

आजीच्या आजारपणासाठी किंवा मुंजीसाठी जाणे खरेच असेल, तर याच अटी जाणाऱ्या पालकालाही उपयोगी पडतात. सगळे कागदावर असले की संशयाला जागा राहात नाही.

५. वकील कसा शोधावा?

पहिली गोष्ट: तुमच्या एच-वनचे किंवा ग्रीनकार्डचे काम कंपनीने नेमलेले वकील बघत असतील, तर ते या कामाचे नव्हेत. घर घेताना भेटलेले वकीलही नव्हेत. 'फॅमिली लॉ' करणाराच वकील हवा. दोघांनी मिळून एकच वकील करता येत नाही. जोडीदाराने आधी ज्याच्याशी सविस्तर चर्चा केली, तो वकील सहसा तुमचे काम घेणार नाही.

नावे मिळवण्याचे मार्ग: राज्याच्या किंवा काऊंटीच्या बार असोसिएशनची 'लॉयर रेफरल' सेवा, अमेरिकन अकॅडमी ऑफ मॅट्रिमोनियल लॉयर्सची यादी, आणि ज्यांनी हे सोसले आहे असे परिचित. दोन-तीन जणांशी तरी बोला. परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे राज्याच्या बारच्या किंवा कोर्टाच्या वेबसाइटवर बघता येते. वकील मराठी किंवा देसी असलाच पाहिजे असे नाही. आपले एकत्र कुटुंब, सासू-सासऱ्यांचे सहा महिन्यांचे मुक्काम, भारतातली मालमत्ता हे समजून घेण्याची तयारी मात्र हवी.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न:

- या काऊंटीत ताब्याच्या किती केसेस केल्या? भारताशी संबंधित किती?
- तासाचा दर किती? रिटेनर किती? तो संपल्यावर काय? न वापरलेली रक्कम परत मिळते का?
- माझे काम तुम्ही स्वतः बघणार की सहकारी? ईमेलला आणि फोनला बिल लागते का?
- मध्यस्थीने सुटण्यासारखे आहे का, की कोर्टातच जावे लागेल?
- माझी कमकुवत बाजू कोणती? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा वकील चांगला. 'शंभर टक्के मूल तुम्हालाच' म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

मध्यस्थीला कमी लेखू नका. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ताब्याचा वाद असेल तर सुनावणीआधी मध्यस्थीला बसावेच लागते. तिथे जमले तर पैसा वाचतो, आणि मुलाच्या पुढच्या दहा-बारा वर्षांसाठी बोलण्यापुरते संबंधही वाचतात. मात्र घरात मारहाण किंवा धाक असेल तर ते आधी सांगा. अशा वेळी वेगवेगळे बसवण्याची सोय मागता येते.

कोर्टाचे समन्स आले असेल तर तारखा पाळा. उत्तर देण्यासाठी न्यू जर्सीत ३५ दिवस आणि कॅलिफोर्नियात ३० दिवस मिळतात. टेक्सासमध्ये वीस दिवसांनंतरच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत उत्तर द्यावे लागते. 'घेतलेच नाही तर काय होईल' असे म्हणून पाकीट बाजूला ठेवले, तर तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो.

६. पैसे नसतील तर

एच-फोरवर असलेल्या व्यक्तीच्या नावावर अनेकदा बँक खातेही नसते. तरीही मार्ग आहेत.

- बऱ्याच राज्यांत जास्त कमावणाऱ्या जोडीदाराने दुसऱ्याच्या वकिलाची फी द्यावी असा आदेश कोर्ट देऊ शकते. हा अर्ज सुरुवातीलाच करता येतो.
- 'लिमिटेड स्कोप' पद्धतीत वकील पूर्ण केस न घेता फक्त कागद तयार करतो किंवा एकाच सुनावणीला उभा राहतो.
- कोर्टातील सेल्फ-हेल्प सेंटर फॉर्म भरायला मदत करते. ते सल्ला देत नाहीत, पण चुकीचा फॉर्म भरण्यापासून वाचवतात. कोर्टाची फी माफ करण्याचा अर्जही तिथे मिळतो.
- कायद्याच्या कॉलेजांची क्लिनिक्स आणि लीगल एड संस्था. केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या लीगल एड संस्थांना एच-वन, एच-फोर किंवा एफ-वन व्हिसावरच्या व्यक्तींचे काम सहसा घेता येत नाही. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत अपवाद आहे. म्हणून फोनवर एका नकाराने थांबू नका. हिंसाचार होत असेल तर तसे स्पष्ट सांगा.
- भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची, परदेशात पतीने सोडून दिलेल्या भारतीय स्त्रियांना कायदेशीर मदत देणारी योजना वकिलातींमार्फत चालते. निकषांची चौकशी आपल्या विभागाच्या वकिलातीत करावी.

७. व्हिसाचे गणित

मूल अमेरिकन नागरिक आहे म्हणून ताबा अमुक पालकाला मिळतो असे नाही. एच-फोरवर आहे म्हणून पालकाचा हक्क कमी होतो असेही नाही. 'कोर्टात गेलीस तर तुला डिपोर्ट करीन' ही धमकी जोडीदार देऊ शकतो, पण तो अधिकार त्याच्या हातात नसतो.

मात्र तारखा महत्त्वाच्या आहेत. वेगळे राहू लागल्याने एच-फोर संपत नाही, घटस्फोटाचा अंतिम आदेश झाला की संपतो. जोडीदाराच्या अर्जावर ग्रीनकार्ड अवलंबून असेल, तर ते मंजूर होण्याआधी घटस्फोट झाल्यास तो आधार जातो. म्हणून फॅमिली लॉच्या वकिलाबरोबर स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचाही एक तास घ्या. जोडीदार नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असून अत्याचार करत असेल, तर १९९४ च्या 'व्हावा' कायद्याखाली स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. एच-वनधारकाच्या अत्याचारग्रस्त जोडीदाराला स्वतंत्र वर्क परमिट मागण्याची तरतूदही कायद्यात आहे.

८. घरात हिंसाचार असेल तर

जिवाला धोका असेल तर ९११. नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन चोवीस तास चालते: १-८००-७९९-७२३३. दुभाषा मिळतो. आपली भाषा आणि घरे समजणाऱ्या दक्षिण आशियाई संस्था अनेक वर्षे काम करत आहेत: न्यू जर्सीत १९८५ साली सुरू झालेली मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, शिकागोत अपना घर, बे एरियात मैत्री आणि नारिका, अटलांटात रक्षा, ह्यूस्टनमध्ये दया. त्या वकिलांपर्यंत पोचवतात आणि कोर्टात सोबतही करतात.

संरक्षणाच्या तातडीच्या आदेशातच मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. दुसऱ्या बाजूने, असा आदेश तुमच्याविरुद्ध झाला असेल तर तो काटेकोर पाळा. एक साधा मेसेजही उल्लंघन ठरू शकतो, आणि त्याचा व्हिसावर गंभीर परिणाम होतो. खोटी तक्रार वाटत असली तरी उत्तर कोर्टात द्यायचे, फोनवर नाही.

९. पुरावे आणि कागदपत्रे

वकिलाकडे जाताना एक फाइल तयार ठेवा: मुलाचा जन्मदाखला, सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, लग्नाचा दाखला, तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न्स, शाळेचे व डॉक्टरांचे कागद, गेल्या पाच वर्षांत मूल कुठे आणि कोणाबरोबर राहिले त्याच्या तारखा. शेवटची यादी कोर्टाच्या अर्जातच मागतात.

आपल्या व्यवसायातल्या लोकांसाठी एक खास सूचना. जोडीदाराच्या ईमेलचा पासवर्ड माहीत आहे म्हणून ते उघडणे, फोनमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर घालणे, लपून रेकॉर्डिंग करणे हे 'पुरावा गोळा करणे' वाटते. कॅलिफोर्नियात समोरच्याच्या संमतीशिवाय खाजगी संभाषण रेकॉर्ड करणे गुन्हा आहे, न्यू जर्सीत नियम वेगळा आहे. वकिलाला विचारल्याशिवाय यातले काहीही करू नका. स्वतःचे पासवर्ड बदला आणि वकिलाशी पत्रव्यवहारासाठी नवा ईमेल उघडा. ऑफिसचा ईमेल वापरू नका. जोडीदाराला पाठवलेला प्रत्येक मेसेज एक दिवस न्यायाधीश वाचतील असे समजून लिहा.

१०. भारतातली बाजू

भारतात केस सुरू झाली किंवा होण्याची शक्यता असेल, तर तिथला वकील वेगळा लागेल. ताब्याचे अर्ज पुण्या-मुंबईत कौटुंबिक न्यायालयात, मुख्यतः १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली चालतात. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, पण हा अटळ नियम नाही. तिथल्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. 'मी अमेरिकेत आहे, मला लागू नाही' असे आपणच ठरवू नये. इथला आदेश तिथे दाखवायचा असेल तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिल मानतो. दोन्हीकडच्या वकिलांची एकमेकांशी गाठ घालून द्या, नाहीतर एका कोर्टातले म्हणणे दुसऱ्या कोर्टात आपल्यालाच अडचणीत आणते.

आणि आपण बाकीचे? ओळखीच्या घरात असे घडले तर दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची याचीच चर्चा आपण आधी करतो. त्याऐवजी कोर्टाच्या तारखेला मुलाला दोन तास सांभाळणे, वकिलाकडे गाडीने नेणे, नव्या गावात एक खोली देणे ही खरी मदत आहे. मुलाला मराठी शाळेत आणि मंडळाच्या गणपतीला दोन्ही पालकांबरोबर येता यावे, एवढे तरी आपण बघू शकतो.

कोणावरही ही माहिती वापरण्याची वेळ न येवो. आली, तर ती वेळेवर हाताशी असो.